पाणी किती वेळ देतं? चौथीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून

वर्गाच्या भिंतीवर पुराचं पाणी कुठवर आलं ते दाखवणाऱ्या, ऑइल पेंटनं मारलेल्या तीन रेघा आहेत. खाली २००५, तिच्या थोडी वर २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या काठी असल्या रेघांचं कुणाला नवल नाही. यंदाची चौथीची पोरं २०१९ ला अंगणवाडीत होती. पूर म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नाही. तरी परिसर अभ्यासाच्या तासाला 'आपत्ती' म्हटलं की सगळी एका सुरात म्हणतात, "भूकंप, पूर, वणवा, त्सुनामी, दुष्काळ!" पाढ्यासारखं. भूकंपात काय करायचं? "टेबलाखाली बसायचं!" वर्गात टेबल एकच आहे, माझं.

म्हणून यंदा आपत्तीचा वेगळा धडा घ्यायचा नाही. गणित, भाषा, परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ, सगळ्या तासांत तोच विषय थोडा थोडा घ्यायचा, आणि प्रश्न एकच धरायचा: ही आपत्ती आपल्याला किती वेळ देते? वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली. एका टोकाला 'शून्य', दुसऱ्या टोकाला 'कित्येक महिने'. आपत्तीचं नाव पुठ्ठ्यावर लिहून चिमट्यानं लावायचं. जागा मात्र वादावादी करून ठरवायची.

हेडसर म्हणाले, "बाई, अभ्यासक्रम कधी पुरा करणार?" त्यांना दाखवलं: लांबी, धारकता, वेळ, गुणाकार, नकाशा, सूचनालेखन, सगळं त्यातच आहे. ते "बघा बुवा" म्हणाले. आमच्या शाळेत ही परवानगीच समजायची.

२१ जून

गृहपाठ दिला होता, घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारून यायचं. 'पूर आला तेव्हा काय झालं' हा प्रश्न मुद्दाम टाळला. त्यावर रडारड निघते, आणि काही घरांत अजून तो विषय निघाला की जेवण होत नाही. प्रश्न असा दिला: "पाणी येणार हे तुम्हाला आधी कशावरून कळतं?"

उत्तरं वाचताना माझाच तास झाला. काठावरच्या लोकांनी पाणी उपसायच्या मोटारी काढून वर आणल्या की समजायचं. वाडीला दक्षिणद्वार झालं की समजायचं (नृसिंहवाडीच्या देवळात पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो सोहळा, लोक स्नानाला गर्दी करतात आणि आमची माणसं तिकडून आली की वैरण हलवायला लागतात). कुरुंदवाडची एसटी बंद झाली की. दुधाची गाडी आली नाही की. पाण्यात उसाची मुळं नि पाचट दिसायला लागलं की.

एका मुलीनं लिहिलं होतं, "आज्जी म्हणली नदीचा आवाज बंद झाला की उठायचं." वर्ग हसला. पाऊस वाढला की आवाज वाढणार की बंद होणार? मग तिलाच फळ्यावर बंधारा काढायला लावला. एरवी पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं, म्हणून आवाज. खालचं पाणी चढत चढत बंधाऱ्याच्या वर गेलं की पडायला जागाच राहत नाही. वरचं खालचं पाणी एक, बंधारा पाण्याखाली, आवाज गप्प. मुलं एकदम शांत झाली. मागच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "म्हंजे आज्जीचं बराबर हाय." आज्जी बरोबर आहे हे पोरांना वर्गात कळणं मला फार मोलाचं वाटतं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात तिला जागा नसते.

२६ जून

शाहू जयंती. भाषणं, हार, खाऊ झाल्यावर उरलेल्या वेळात राधानगरीचा विषय काढला. हे धरण बांधायला महाराजांनी घेतलं, भोगावतीवर. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. हे ऐकून पोरांचे डोळे मोठे झाले. "रात्री उघडलं तर?" "रात्रीपण." "मग आपल्याला कोण सांगणार?" हा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पुसायचा नाही असं सांगितलंय.

२ जुलै

गणित. पावसाळ्यात पेपरात रोज येतं: एका दरवाजातून १,४२८ क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. चौथीला दशांश नाही, म्हणून २८ धरले. १,४२८ गुणिले २८. मोठा गुणाकार म्हणून एरवी नाकं मुरडतात, आज कुणी कुरकुरलं नाही. उत्तर ३९,९८४, सुमारे ४०,००० लिटर, दर सेकंदाला.

४०,००० लिटर किती ते डोळ्यापुढं यायला हवं. उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चार टँकर. मी टाळी वाजवायची, पोरांनी "चार!" ओरडायचं, पुढच्या टाळीला "आठ!". अर्धा मिनिट चाललं. शेजारच्या तिसरीच्या बाई डोकावून गेल्या.

सात दरवाजे उघडले तर ७ × १,४२८ = ९,९९६. म्हणजे दहा हजार क्युसेकच की! एवढं सगळं पाणी साठवून एक टीएमसी (म्हणजे शंभर कोटी घनफूट) व्हायला अठ्ठावीस तासांच्या आसपास लागतात, हे मी केलं आणि सांगितलं. त्यांना ते गणित जड आहे. पण टीएमसी हा शब्द घरी सगळे वापरतात आणि तो केवढा हे कुणाला माहीत नसतं. कोयनेत १०५ टीएमसी मावतं, हे ऐकल्यावर एकजण म्हणाला, "बाई, ते सगळं आलं तर?" सगळं एकदम येत नाही, दरवाजे हे त्यासाठीच असतात, असं सांगितलं. एवढ्यावर तो गप्प झाला, पण पटलं नसावं.

दुष्काळाचं गणितही आजच घेतलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. एका वाघिणीत साधारण ५०,००० लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. राधानगरीच्या एका दरवाजातून तेवढं पाणी जायला किती वेळ? एक मिनिट आणि वर दोन-तीन सेकंद. पोरांनी उत्तर परत परत तपासलं. सुतळीवर 'दुष्काळ' पार शेवटच्या टोकाला लागला, वाद न होता. एवढा वेळ देणारी आपत्ती, तरी माणसं सापडतात, असं एका पोरीनं म्हटलं. मी त्यावर काही बोलले नाही.

५ जुलै

मैदानात नदी. मळीची माती आणून दोन पाट केले. एक रुंद, ती कृष्णा. एक अरुंद, ती पंचगंगा. दोन्ही मिळतात तिथं वाडी, म्हणून एक पांढरा दगड. आमचं गाव म्हणजे बुचांची घरं. उतार अगदी थोडा ठेवला. पहिल्यांदा पोरांनी जास्त ठेवला होता. आमच्या भागात नदीला उतार कुठं आहे, म्हटल्यावर त्यांनीच माती ओढून सपाट केला.

आधी नुसत्या पंचगंगेत तांब्यानं पाणी ओतलं. सरळ निघून गेलं. मग कृष्णेत बादलीनं ओतत राहिले आणि त्याच वेळी पंचगंगेत तांब्या. पंचगंगेचं पाणी संगमापाशी आलं, थांबलं आणि मागं फुगायला लागलं. बुचांची घरं तरंगली. आरडाओरडा. "बाई, ते उलटं यायलंय!"

फुगवटा म्हणतात तो हा. गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी तो शब्द असतो. पण पुढं वाट अडल्यामुळं पाणी मागं चढतं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मग त्यांचे प्रश्न बदलले. आपल्याकडं पाऊस नसताना पूर का येतो? कारण पाऊस महाबळेश्वर-कोयनेकडं पडतो आणि राधानगरी-गगनबावड्याकडं पडतो. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, वाडीला पंचगंगा. सगळ्यांचं पाणी एकाच दारातून पुढं जायचं.

आता एकानं अलमट्टीचा विषय काढलाच. घरी रोज ऐकतो ना. "अलमट्टीमुळं पूर येतोय म्हणतेत." धरण कर्नाटकात आहे, आपल्या खालच्या अंगाला, त्याच कृष्णेवर, त्याचा फुगवटा इथवर पोचतो की नाही यावर दोन राज्यांत आणि जाणकारांत मतभेद आहेत, असं स्पष्ट सांगितलं. पाटात खाली वीट आडवी लावून बघितलं. जवळ लावली तर लगेच फुगतं, लांब नेली तर कमी. "मग खरं काय?" अंतर आणि उतार मोजल्याशिवाय वीट दाखवून काही सिद्ध होत नाही, एवढंच म्हटलं. चौथीच्या पोराला 'अजून ठरलेलं नाही' हे उत्तर चालतं, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांना चालत नाही.

९ जुलै

आज फुटांचा घोळ सोडवला. पेपरात येतं: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ आणि ४३. पोरांना वाटतं गावात ४५ फूट पाणी येणार. एकानं तर हिशोब करून सांगितलं, शाळेची इमारत बुडून वर तीन मजले. पट्टी कुठं उभी केली त्यावर आकडा ठरतो, दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी जोडायचे नाहीत, हे समजावायला दोन बादल्या नि दोन पट्ट्या घेतल्या. एक पट्टी बुडाला टेकवली, दुसरी अर्ध्यात धरली. पाणी सारखं, आकडे वेगळे. झालं.

मग म्हटलं, आपली पट्टी कुठाय? घाटाच्या पायऱ्या. वरून आठवी पायरी, तिथून मसोबाच्या कट्ट्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहेत अशा जागा लिहून काढल्या. चित्रकलेच्या तासाला उभा नकाशा: घाट, पायऱ्या, कट्टा, पहिली गल्ली, ग्रामपंचायत, शाळा. आता पेपरातला राजाराम आणि आयर्विनचा आकडा एका बाजूला नि आपली पायरी दुसऱ्या बाजूला, असा तक्ता रोज भरायचा. काठावर राहणाऱ्यांनी पायरी सांगायची, तीही मोठ्या माणसाबरोबर जाऊन. ही अट वहीत लिहून घेऊन घरच्यांची सही आणायला लावली.

तक्ता का, ते पोरांनीच काढलं. कोल्हापूरचं पाणी इथं यायला किती वेळ? एकाचा आजा म्हणतो एक दिवस, दुसऱ्याचा चुलता म्हणतो दीड. भांडून काय करायचं, मोजू.

१२ जुलै

पर्जन्यमापक. बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून, बाजूला पट्टी. सरळ बुडाची बाटली शोधण्यातच निम्मा वेळ गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मैदानात खडूनं चौकोन आखून दाखवलं. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढं 'जोरदार', ११५.६ पासून 'अति', २०४.५ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी झाला. दाराच्या चौकटीवर तेवढी खूण केली. पोरं एकेक करून तिथं उभी राहिली. बहुतेकांच्या छातीला लागली.

१६ जुलै

भाषेच्या तासाला एक खरी गोष्ट सांगितली. टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लंडची मुलगी, २६ डिसेंबर २००४ ला आईवडिलांबरोबर थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर. समुद्राला फेस आलेला, पाणी विचित्र वागतंय. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिनं त्सुनामीचं हेच बघितलं होतं. तिनं ओरडून सांगितलं, वडिलांनी पहारेकऱ्याला सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि तिथली माणसं वाचली.

मला वाटलं पोरं त्सुनामीबद्दल विचारतील. पहिला प्रश्न आला, "तिचं आयबापानं ऐकलं कसं काय?" पुढचा सगळा तास त्यावरच गेला. आमच्याकडं ऐकत न्हाईत. गप बस म्हणतेत. कसं सांगितलं तर ऐकतील? इथून सूचनालेखन आपोआप सुरू झालं. घाबरून ओरडायचं नाही. आकडा सांगायचा, कुठून कळलं ते सांगायचं, काय करायचं ते सांगायचं. 'पाणी लई वाढलंय' ऐवजी 'सकाळी आठला सहावी पायरी होती, दुपारी दोनला चौथी'.

विजेचं खेळाच्या तासाला केलं. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजायचे, तीनला एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आली तर घरात जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप दोघातिघांच्या घरी फोनमध्ये टाकून दिलं. रानात भांगलायला जाणाऱ्या आया आहेत, त्यांना याचा जास्त उपयोग.

१९ जुलै

अफवा. वर्गातच कानगोष्टीचा खेळ: "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" हे वाक्य शेवटच्या पोरापर्यंत "राधानगरी फुटलं" होऊन पोचलं. मला काही करावं लागलं नाही. धरण फुटल्याची आवई दर पुरात उठते. १२ जुलै १९६१ ला पानशेत खरंच फुटलं होतं, हेही सांगितलं, नाहीतर 'धरण फुटतच नाही' एवढंच डोक्यात राहील. मग खातरजमा कुठं करायची: पोलीस पाटील, ग्रामपंचायत, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. फळ्याच्या कोपऱ्यातल्या 'आपल्याला कोण सांगणार' खाली ही नावं गेली. फोन नंबर पाठ करण्यात पोरांचा हात कुणी धरणार नाही.

२३ जुलै

म्हातारा पाऊस धरून बसलाय. पुष्य नक्षत्र आपल्या नावाला जागतंय. आपल्याकडं नुसती भुरभुर, घाटात मात्र कोसळतोय. तक्त्यात पायरी रोज एक-दोननं वर. काठावरच्या मोटारी काल निघाल्या. शाळेतलं दप्तर, तांदूळ, संगणक वरच्या माळ्यावर. पोरांनी आपापला 'पुराचा डबा' काय काय ते लिहिलं: आधार कार्ड, रेशन कार्ड, आजोबांच्या गोळ्या, बॅटरी, मेणबत्ती, कोरडे कपडे. एकानं 'म्हस' लिहिलं. हसू नका म्हटलं. आमच्याकडं माणसं घर सोडत नाहीत ती जनावरांपायी, हे २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा कुणीकुणी गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून बाहेर आलं, पण म्हैस काहिलीत बसत नाही. जनावरं आधी, रस्ता चालू असताना, मग माणसं: हा क्रम पोरांनीच ठरवला.

२५ जुलै

शाळेला सुट्टी जाहीर. पालकांच्या ग्रुपवर पोरं घरच्यांच्या फोनवरून आकडे टाकतायत. "राजाराम", "आयर्विन", "पायरी", एवढंच. खाली एका पालकानं विचारलं, हे काय चाललंय? दुसऱ्यानं उत्तर दिलं, "शाळेचा अभ्यास आहे, बंद करू नका." पहिल्या गल्लीतली जनावरं संध्याकाळपर्यंत माळावर गेली. ती पोरांमुळं गेली असं मी म्हणणार नाही. ती २०१९ मुळं गेली.

५ ऑगस्ट

शाळा भरली. पाणी गावात शिरलं नाही, कट्ट्याला लागून उतरलं. मैदानात चिखल, वर्ग कोरडे. चार दिवस पाणी उकळून प्या, चिखलात अनवाणी जाऊ नका, पायाला जखम असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, हे परिपाठात सांगतेय. लेप्टो या आजाराचं नाव पोरांना सांगितलं, कारणासकट: उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी. 'मूत' म्हटल्यावर हसणार हे गृहीत होतं. पण लक्षात राहिलं.

तक्त्यावरून आलेख काढला. राजारामचा उंच झालेला दिवस आणि आपल्या पायरीचा उंच झालेला दिवस, दोन रेघा, दोन रंग. दोन शेंड्यांत अंतर आहे, पण नेमकं किती ते सांगता येत नाही, कारण पोरांनी पायरी दिवसातून दोनदा लिहिली आणि रात्रीचं कुणाकडंच नाही. शिवाय कृष्णेचं पाणीही तेव्हाच चढत होतं. आजा आणि चुलता दोघंही जिंकल्याचं जाहीर करतायत.

७ ऑगस्ट

ज्या आपत्ती वेळ देत नाहीत त्या उरल्या होत्या. पुणे जिल्ह्यातलं माळीण, ३० जुलै २०१४, गावावर दरड कोसळली. सकाळी एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही, त्यानं कळवलं, तेव्हा बाहेर कळलं. दीडशेवर माणसं गेली. आमच्या तालुक्यात डोंगर नाही, पण दोघींचं आजोळ शाहूवाडीकडं आहे. जमिनीला भेगा, झाडं तिरकी होणं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी: एवढ्या खुणा वहीत घेतल्या. दरड सुतळीवर कुठं लावायची यावर एकमत झालं नाही. शेवटी पुठ्ठा लांब कापून तासापासून दिवसापर्यंत आडवा लावला, शून्याला शिवेल असा.

भूकंपाला शून्यच. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं. परातीत वाळू घालून वर खडे-मातीचं घर आणि शेजारी कोपऱ्यांना काड्या बांधून घेतलेलं घर केलं, नि परात हलवली. पहिलं लगेच बसलं. "मग वेळ कधी असतोय?" एकीनं विचारलं. घर बांधताना, असं दुसरीनंच उत्तर दिलं. 'भूकंप' चा चिमटा शून्यावर राहिला, आणि त्याच पुठ्ठ्याला दोरा बांधून दुसरं टोक पार 'कित्येक महिने' वर नेलं. सुतळीचा गुंता झालाय, पण पोरांना तो बरोबर कळतो.

९ ऑगस्ट

ग्रामपंचायतीकडं अर्ज दिला, पोरांनी लिहिलेला, माझी फक्त सही. मागणी: घाटाच्या पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत आकडे रंगवून मिळावेत, रात्री बॅटरीत दिसतील असे. सरपंच म्हणाले, रंग आमचा, आकडे तुम्ही घाला. वर्गात आता वाद एकावर चाललाय: एक नंबर वरच्या पायरीला द्यायचा की खालच्या. वरून दिला तर पाणी चढेल तसा आकडा कमी होत जाणार, खालून दिला तर गाळात किती पायऱ्या आहेत ते कुणालाच माहीत नाही. सोमवारी मतदान. रंगारी पायऱ्या वाळायची वाट बघतोय.